पानफुटीची पाने सकाळी आंबट का?

पानफुटी आपल्या बहुतेक शाळांच्या बागेत असते. पानाच्या कडेवरील खाचांतून नवी रोपे कशी फुटतात, हे दाखवण्यासाठी आपण तिचा उपयोग करतो. शाकीय पुनरुत्पादनाचा धडा संपला की मात्र तिच्याकडे कोणी फिरकत नाही. पण याच पानाने वनस्पतिशास्त्रज्ञांना एक कोडे घातले होते आणि ते पुरते उलगडायला तब्बल दीडशे वर्षे लागली. कोरड्या प्रदेशातली वनस्पती पाणी कसे राखते, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर त्या कोड्यात दडलेले होते.

आधी वनस्पतीची अडचण पाहू. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७२४ साली कुंडीत लावलेल्या सूर्यफुलाचे रोज वजन केले. मातीतले पाणी परस्पर उडून जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीवर शिशाचा पत्रा बसवला होता. सुमारे साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या १२ तासांत सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक पाणी हवेत सोडत होते. हेल्स यांचा ग्रंथ १७२७ साली प्रसिद्ध झाला.

झाड इतके पाणी का घालवते? कर्बवायू आत घ्यायचा तर पर्णरंध्रे उघडावी लागतात, आणि ती उघडली की पानातील ओलावा त्याच वाटेने बाहेर पडतो. दार उघडावे तर तहान, लावून घ्यावे तर उपासमार! प्रत्येक हिरव्या वनस्पतीला रोज हा व्यवहार करावा लागतो. सर्वसाधारण वनस्पती एक ग्रॅम कर्बवायू मिळवण्यासाठी ४०० ते ५०० ग्रॅम पाणी खर्च करते.

आता पानफुटीकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात अनेक वर्षे काढलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीचे लॅम्बर्ट यांना एक पत्र लिहिले. पानफुटीचे पान पहाटे चांगले आंबट लागते, दुपारपर्यंत बेचव होते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, असे त्यात त्यांनी कळवले होते. उपकरण म्हणाल तर स्वतःची जीभ! हे पत्र १८१५ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

निरीक्षण अचूक होते, पण त्याचा अर्थ त्या काळाच्या समजुतीप्रमाणे लावला गेला. ऑक्सिजन हेच आम्लाचे मूळ, अशी लाव्हाझिए यांची शिकवण होती. म्हणून हाइने यांनी मानले, की प्रकाशामुळे पानातील ऑक्सिजन निघून जातो आणि आंबटपणा ओसरतो. तत्पूर्वी, १८०४ साली, जिनिव्हाचे द सोस्यूर यांनी अंधारात ठेवलेल्या निवडुंगाच्या तुकड्यांभोवतालची हवा घटते असे नोंदले होते. दोन्ही धागे हाती होते, पण त्यांची गाठ मारणारा कोणी नव्हता.

पानातील हे आम्ल मुख्यतः मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदात असते तेच, हे पुढे कळले. पण ते येते कोठून? जाड पानात श्वसन अर्धवट होते आणि साखर पुरती न जळता तिचे आम्ल बनते, हे उत्तर बराच काळ रुढ होते. वनस्पती कर्बवायू घेते ती दिवसा, प्रकाशात, हे इतके पक्के ठरून गेले होते, की रात्रीच्या आंबटपणाचा संबंध बाहेरच्या कर्बवायूशी असेल ही शंका मागेच राहिली.

१९४८ साली अमेरिकेत वॉल्टर आणि जेम्स बॉनर यांनी ही शंका प्रयोगाने तपासली. हवेत कर्बवायू नसेल तर मांसल पानांत रात्री आम्ल साठण्यात मोठी घट होते, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी किरणोत्सारी कार्बन वापरून, पानफुटी अंधारात हवेतला कर्बवायू खरोखरच बांधून ठेवते, हेही सिद्ध झाले. मग १९६३ साली जपानचे निशिदा यांनी दाखवले, की या कुळातील वनस्पतींची पर्णरंध्रे रात्री उघडतात.

आता सारे जुळले. ही वनस्पती रात्री, हवा गार आणि दमट असताना, दारे उघडते, कर्बवायू आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांमध्ये साठवते. सकाळ झाली की दारे बंद! दिवसा आम्लातून कर्बवायू पुन्हा मोकळा होतो आणि बंद दाराआड सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. एक ग्रॅम कर्बवायूसाठी खर्च होणारे पाणी ५० ते १०० ग्रॅमच. पानफुटीच्या क्रॅसुलेसी कुळावरून या पद्धतीला 'कॅम' हे संक्षिप्त नाव मिळाले.

ही युक्ती वाळवंटापुरती नाही. निवडुंग आणि घायपात तिच्यावर जगतात, तसेच कोकण-गोव्यातील अननसही. वर्षावनात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी अनेक ऑर्किडेही हेच करतात. पाऊस भरपूर असला, तरी फांदीवर माती नसल्याने दोन सरींमधला काळ त्यांच्यासाठी छोटा दुष्काळच असतो. आपली घोळीची भाजी तर पाणी मुबलक असताना दिवसा कर्बवायू घेते आणि पाणी तुटले की काही प्रमाणात या रात्रीच्या पद्धतीकडे वळते. कडक दुष्काळात निवडुंग रात्रीही दारे उघडत नाही. स्वतःच्या श्वसनातला कर्बवायूच आत फिरवत राहतो.

मग सगळ्या वनस्पतींनी हा मार्ग का धरला नाही? कारण पाणी वाचते, पण वाढ बहुधा मंद होते. रात्रभरात जेवढे आम्ल रिक्तिकांत मावेल तेवढीच दुसऱ्या दिवसाची शिदोरी. २०१५ साली अननसाचा जनुकसंच वाचला गेला, आणि ही क्षमता इतर पिकांत आणता येईल का याचा शोध चालू आहे. पण एखादे जनुक उचलून दुसरीकडे बसवले की काम झाले, असे हे नाही. पानाची जाडी, पेशींची रचना आणि रंध्रांचे वेळापत्रक, सारेच त्याबरोबर बदलावे लागेल.

हाइने यांचे निरीक्षण वर्गात सहज पडताळता येते. मात्र पाने चाखू नयेत. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. सूर्योदयापूर्वी तोडलेली आणि दुपारी चार वाजता तोडलेली सारख्या वजनाची पाने वेगवेगळी वाटून, सारख्याच पाण्यात मिसळून गाळावीत. प्रत्येकात फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकून, गुलाबी छटा टिकेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने घालावे. हे काम शिक्षकांनी स्वतःच्या देखरेखीखाली करून घ्यावे. सकाळच्या रसाला थेंब जास्त लागतील. शेजारी जास्वंदीची पानेही तपासावीत, म्हणजे तुलना होईल.

आणि मग 'पर्णरंध्रे दिवसा उघडतात व रात्री मिटतात' हे नेहमीचे वाक्य फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारावे: कोणत्या वनस्पतीची? ते वाक्य खोडायचे नाही, पण त्याला 'बहुतेक' हा शब्द जोडायचा आहे. त्या एका शब्दाला विज्ञानात दीडशे वर्षे लागली.