हरभऱ्याच्या गाठीतले शस्त्र

लातूर-नांदेडच्या काळ्या रानात सोयाबीन निघाले की रब्बीला हरभरा पेरतात. दोन्ही पिकांच्या मुळांवर गाठी धरतात, दोन्हींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात. पण सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू आपले रूप फारसे बदलत नाही आणि गाठ कुजल्यावर जमिनीत पुन्हा वाढू शकतो. हरभऱ्यातला मात्र फुगून गोल होतो. हे घडवतात हरभऱ्याचेच एनसीआर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या तोकड्या साखळ्या. त्यांचे कूळ शस्त्रागारातले आहे आणि शस्त्राचाच पुढे हुकूम झाला, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा बहुतेक लसूणघासाच्या कुळातला आहे. तिथे 2003 मध्ये या पेप्टाइडांचे मोठे घराणे सापडले. सिस्टीन या अमिनो आम्लाची त्यांतली मांडणी रोगजंतू मारणाऱ्या डिफेन्सिनांसारखी आहे, आणि त्यांतले कित्येक प्रयोगशाळेत जिवाणूंना खरोखर मारतात. ज्या रायझोबियममध्ये, म्हणजे गाठीतल्या जिवाणूत, यांच्यापासून वाचवणारे बॅकए हे प्रथिन नसते, तो या कुळाच्या गाठीतल्या पेशींत शिरताच मरतो. मग याला हुकूम कशाला म्हणायचे, ही तर विषबाधा, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही, कारण मात्रा कमी केली की परिणामाची जातच बदलते. 24 अमिनो आम्लांच्या एनसीआर247 मुळे पेशीचे विभाजन थांबते आणि जनुकांचे कामकाज बदलते. 2022 मध्ये जीवशास्त्रज्ञ ग्रॅहम वॉकर यांच्या प्रयोगशाळेने त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली: हे पेप्टाइड जिवाणूतले लोहयुक्त हीम धरून ठेवते, जिवाणूला लोह कमी पडल्यासारखे वाटते आणि तो बाहेरून लोह ओढू लागतो. नत्र स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेजला हेच लोह लागते. नुसत्या विषाने पिकाच्या इतक्या नेमक्या उपयोगाचे काम झाले नसते.

सोयाबीनचे या पेप्टाइडांवाचून अडत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्यातून एवढेच ठरते की ही युक्ती नत्र स्थिरीकरणाच्या मुळाशी नाही, एका शाखेत मागाहून आली. हरभरा, वाटाणा, मसूर, लाख, लसूणघास त्याच शाखेतले. ज्येष्ठमधाच्या एका जातीत असे पेप्टाइड 7, हरभऱ्यात साठेक, लसूणघासाच्या एका भाऊबंदात 700 च्या घरात. शिवाय एस्किनोमिनी या दूरच्या वनस्पतीत डिफेन्सिनांसारखेच पेप्टाइड स्वतंत्रपणे याच कामाला लागलेले दिसतात. जुनी धारही पूर्ण बोथटलेली नाही: लसूणघासाच्या त्याच भाऊबंदातले काही पेप्टाइड रायझोबियमचे ठरावीक वाण गाठीतच मारतात. म्हणूनच मराठवाड्यातल्या हरभऱ्यासाठी जिवाणू संवर्धकाचा वाण निवडताना, तो या पिकाच्या पेप्टाइडांपुढे तगतो का, हे तपासून पाहायला हवे.