बुद्धिबळ क्लबची स्पर्धा मोबाईलवर कशी सांभाळायची? स्विस लीग, टायब्रेक आणि घड्याळाचं ॲप

सोसायटीत, वाचनालयात किंवा कॉलेजात बुद्धिबळाचा क्लब असेल तर वर्षातून एकदा तरी "स्पर्धा घेऊया" असा विषय निघतोच. पट असतात, मुलं असतात, चषकासाठी कुणीतरी पैसेही देतं. अडतं ते एकाच ठिकाणी. कोण कुणाशी खेळणार, आणि शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर पहिला कोण, हे कसं ठरवायचं? मी आमच्या गावच्या वाचनालयातल्या रविवारच्या क्लबच्या स्पर्धा सांभाळतो. माझा अनुभव असा आहे की भांडणं पटावर फार कमी होतात, ती कागदावर होतात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या कागदाबद्दल आहे, जो आता तुमच्या मोबाईलमध्ये असतो.

बाद पद्धत, साखळी की स्विस?

समजा १६ खेळाडू आहेत. बाद पद्धतीत १५ डावांत स्पर्धा संपते. आयोजकाला सोपं जातं, पण पहिल्या फेरीनंतर आठ जण घरी जातात. एखादी मुलगी आईबरोबर एसटीने तासभर प्रवास करून येते आणि वीस मिनिटांत तिची स्पर्धा संपते. पुढच्या वर्षी ती येत नाही. क्लबसाठी ही पद्धत वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या पातळीवर ती चालते, कारण तिथे एका डावावर निकाल लागत नाही. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, ती स्पर्धा बाद पद्धतीचीच होती. पण तिथे प्रत्येक लढतीत आधी दोन क्लासिकल डाव होतात आणि बरोबरी झाली तर जलद डावांचा टायब्रेक. कोनेरू हंपीविरुद्धची अंतिम लढतही जलद डावांतच सुटली.

साखळी पद्धतीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो. सर्वांत न्याय्य पद्धत हीच. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा अशीच असते, आठ खेळाडू आणि दुहेरी साखळीच्या १४ फेऱ्या. पण आपल्या १६ जणांना १५ फेऱ्या आणि १२० डाव लागतील. एका रविवारात ते शक्य नाही. सहा-आठ जणच असतील तर मात्र डोळे झाकून साखळी घ्या.

या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे स्विस लीग. १८९५ मध्ये झुरिकच्या एका स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली, नाव तिथूनच पडलं. आज बुद्धिबळ ऑलिंपियाडही याच पद्धतीने होतं. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवलं, ते ११ फेऱ्यांच्या स्विसमध्ये. स्विसमध्ये कुणीच बाद होत नाही. १६ जण, पाच फेऱ्या, एकूण ४० डाव, आणि शेवटच्या क्रमांकाचा खेळाडूही पाचच्या पाच डाव खेळून घरी जातो.

स्विसच्या जोड्या कशा लागतात?

आधी सगळ्यांची ताकदीनुसार यादी करायची. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, म्हणजे १ विरुद्ध ९, २ विरुद्ध १०, असं. त्यानंतर प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांचे गट करायचे आणि त्या त्या गटात पुन्हा वरचा अर्धा विरुद्ध खालचा अर्धा. गटात एखादा उरला तर तो खालच्या गटातल्या खेळाडूशी खेळतो. दोन अटी कधीही मोडायच्या नाहीत. एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागता कामा नये, आणि कुणालाही सलग तीनदा एकच रंग येता कामा नये. रंगाचं महत्त्व नवीन आयोजकांना वाटत नाही. पण मोठ्या खेळाडूंच्या डावांत पांढऱ्याला निम्म्यापेक्षा थोडे जास्तच गुण मिळतात, आणि पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत तेवढाही फरक पुरतो.

किती फेऱ्या? बरोबरी झाल्या नाहीत तर प्रत्येक फेरीनंतर सगळे डाव जिंकलेले खेळाडू निम्मे होतात. १६ चे ८, मग ४, २, १. म्हणजे १६ जणांना किमान चार, ३२ जणांना पाच, ६४ जणांना सहा फेऱ्या. मी यात एक फेरी वाढवतो, कारण त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांचा निकालही पटण्यासारखा लागतो.

खेळाडूंची संख्या विषम असेल तर दर फेरीत एकाला बाय मिळतो, म्हणजे न खेळता एक गुण. तो सर्वांत कमी गुणांच्या आणि आधी बाय न मिळालेल्या खेळाडूला द्यायचा. पण रविवारी सकाळी उठून आलेल्या मुलाला अर्धा तास नुसतं बसवणं मला आवडत नाही. म्हणून आम्ही एक 'घरचा खेळाडू' तयार ठेवतो. क्लबमधलाच कुणीतरी, जो बक्षिसासाठी धरला जात नाही. तो ठेवणार असाल तर पहिल्या फेरीपासून यादीत ठेवा, मधेच आणू नका.

यादी करताना होणारी गफलत

ताकदीची यादी कशावरून करायची? बहुतेक मुलांकडे फिडेचं रेटिंग नसतं. मग एकाचं फिडे रेटिंग, दुसऱ्याचं लिचेसचं, तिसऱ्याचं आणखी कुठल्या ॲपचं, अशी खिचडी होते. ही आकडेमोड एकमेकांशी जुळत नाही. लिचेसवर नवीन खाते १५०० पासून सुरू होतं आणि तिथे ग्लिको-२ नावाची पद्धत आहे. फिडे मात्र आर्पाद एलो यांची पद्धत वापरतं. म्हणून सगळ्यांचं एकाच ठिकाणचं रेटिंग घ्या, नाहीतर सरळ सोडत काढा.

सोडत गूगल शीट्समध्ये काढत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या. 'रँड' हे फंक्शन शीटमध्ये कुठेही काही बदललं की नवीन आकडे देतं. म्हणजे तुम्ही नावाची एक चूक दुरुस्त केली तरी सोडतीचे सगळे आकडे बदलतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की मनासारखी येईपर्यंत सोडत फिरवली. आकडे आले की लगेच ते कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मधल्या 'व्हॅल्यूज ओन्ली'ने पक्के करा, मगच क्रम लावा. हे सगळ्यांसमोर करा. आमच्याकडे आता टोपीत चिठ्ठ्या टाकून सर्वांत लहान मुलाला काढायला लावतात. तंत्रज्ञानाच्या साईटवर हे लिहिणं जरा विचित्र आहे, पण त्या चिठ्ठीवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

नावनोंदणीचा फॉर्म आणि निकालाची शीट वेगवेगळी ठेवा. फॉर्मच्या शीटमध्ये पालकांचे नंबर असतात. ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की नंबर गावभर झाले. निकालाची शीट शेअर करताना परवानगी 'व्ह्यूअर' ठेवा, 'एडिटर' नाही.

जोड्या हाताने की ॲपने?

१२-१६ जणांपर्यंत हाताने जमतं. त्यापुढे चौथ्या फेरीत डोकं गरगरतं. पण सॉफ्टवेअर वापरायचं खरं कारण वेगळंच आहे. आयोजकाचा भाचा, मुलगी, शेजारी, सगळे याच स्पर्धेत खेळत असतात. हाताने लावलेली जोडी प्रामाणिक असली तरी "त्याला सोपा प्रतिस्पर्धी दिला" ही कुजबुज थांबत नाही. नियमाने चालणाऱ्या प्रोग्रॅमला भाचा नसतो. मोठ्या स्पर्धांत स्विस-मॅनेजर हा विंडोजवरचा विकतचा प्रोग्रॅम चालतो आणि निकाल चेस-रिझल्ट्सवर लागतात. मोबाईलवर स्विसच्या जोड्या लावणारी अनेक ॲप आहेत, पण सगळी एकाच नियमाने चालत नाहीत. स्पर्धेआधी आठ खोटी नावं टाकून तीन फेऱ्या चालवून बघा. जोडी परत लागते का, रंग आलटून-पालटून येतात का, हे लगेच कळतं. आणि एकदा ॲपने जोडी दिली की ती बदलायची नाही. दोन भाऊ पहिल्याच फेरीत समोरासमोर आले तरी नाही. भाऊ-बहिणींना वेगळं ठेवायचं असेल तर तो नियम आधी जाहीर करा.

ऑनलाइन घ्यायची असेल तर लिचेस मोफत आहे आणि त्यावर जाहिरातीही नाहीत. तिथे आधी टीम बनवावी लागते, मग टीमचा लीडर स्विस स्पर्धा सुरू करू शकतो. 'अरीना' हा प्रकार मात्र वेगळा. त्यात ठरलेल्या वेळेत जितके डाव खेळाल तितके, आणि तोच प्रतिस्पर्धी पुन्हा येऊ शकतो. मजा येते, पण क्लबचा विजेता त्यावर ठरवू नका.

टायब्रेक: खरी भांडणं इथे

एका स्पर्धेला मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. तिथे शेवटची फेरी झाल्यावर आयोजकांनी टायब्रेक कोणता ते 'ठरवलं'. तीन जणांचे गुण सारखे होते आणि प्रत्येक टायब्रेकने वेगळा विजेता निघत होता. पुढचं सांगायला नको.

सगळ्यात आधी बघतात एकमेकांतला डाव. अ आणि ब खेळले असतील तर जिंकलेला वर. ते खेळलेच नसतील तर बुखहोल्झ. तुमच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज म्हणजे तुमचा बुखहोल्झ. समजा दोघांनाही ५ पैकी ४ गुण आहेत. अ च्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण ४½, ३, ३, २½, २, बेरीज १५. ब च्या प्रतिस्पर्ध्यांचे ३½, २½, २, २, १½, बेरीज ११½. अ तगड्या लोकांशी खेळून तिथे पोचला, म्हणून अ पहिला.

यात एक खोच आहे. पहिला डाव हरल्यावर एखादा मुलगा जेवायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही, तर त्याचे गुण शून्यावर राहतात. त्याला हरवणाऱ्याचा काही दोष नसताना त्याचा बुखहोल्झ घसरतो. म्हणून सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करतात, त्याला 'कट-१' म्हणतात. वरच्या उदाहरणात अ चे १३ आणि ब चे १० होतील. गळती जास्त असलेल्या क्लबमध्ये मी हाच आधी लावतो.

साखळी स्पर्धेत मात्र बुखहोल्झचा उपयोग शून्य, कारण सगळे सगळ्यांशीच खेळलेले असतात आणि सारखे गुण असलेल्यांची बेरीज सारखीच येते. तिथे सोनेबोर्न-बर्गर लावतात. ज्यांना हरवलं त्यांचे पूर्ण गुण, ज्यांच्याशी बरोबरी झाली त्यांचे निम्मे. लिचेसवरच्या स्विसमध्येही टायब्रेक हाच आहे. तुम्ही कोणता क्रम निवडता याला फार महत्त्व नाही, तो नोंदणीच्या फॉर्मवर लिहिलेला असला म्हणजे झालं. पहिल्या क्रमांकाला रोख बक्षीस असेल आणि वेळ असेल, तर आकडेमोडीपेक्षा ५ मिनिटांचा जादा डाव घ्या. पोरांना तोच पटतो.

मोबाईल घड्याळ म्हणून, आणि मोबाईल खिशात

लाकडी पट असतात पण घड्याळं महाग, म्हणून क्लबमध्ये फोनवरचं चेस क्लॉक ॲप चालतं. वेळ १०+५ ठेवा, म्हणजे १० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ५ सेकंद जादा. ६० चालींचा डाव धरला तर प्रत्येकाला १५ मिनिटं, डावाला अर्धा तास. निकाल आणि पुढच्या जोड्यांसाठी दहा मिनिटं धरा. पाच फेऱ्यांना साधारण ३ तास २० मिनिटं लागतात.

फोन पटाशेजारी ठेवण्याआधी एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन वेळी फोन येऊन घड्याळ झाकलं जातं. दुसरं काम ॲप पिन करणं. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' शोधा. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीत 'गाइडेड ॲक्सेस' आहे. पासकोड आयोजकाकडे राहिला की त्या फोनवर घड्याळाशिवाय काहीच उघडत नाही.

बाकी सगळे फोन बंद करून एका पिशवीत, टेबलावर. कारण स्टॉकफिश हे इंजिन मोफत आहे, साध्या फोनवर चालतं आणि कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा ताकदवान आहे. फिडेच्या नियमांत खेळाडूजवळ फोन सापडला तर डाव हरल्यात जमा. आयोजक त्यापेक्षा सौम्य शिक्षा आधी जाहीर करू शकतो. बारा वर्षांच्या पोराच्या खिशात फोन राहून गेला तर मी पहिल्यांदा दोन मिनिटं कापतो. डाव चालू असताना बाथरूममध्ये फोन नेला, तर मात्र वय विचारत नाही.

प्रत्येक डावानंतर दोघांनी सही केलेली निकालाची चिठ्ठी घ्या, तिचा फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या जोड्या लावण्याआधी गुणतक्ता पाच मिनिटं ग्रुपवर टाका. चुकीचा निकाल नोंदला गेला असेल तर तो त्या पाच मिनिटांतच सांगायचा. पुढची फेरी सुरू झाल्यावर फक्त गुण दुरुस्त होतील, लागलेल्या जोड्या बदलणार नाहीत, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा.