एक्स्ट४ संचिकाप्रणालीतील कोटा गणना
एक्स्ट४ या लिनक्सवरील संचिकाप्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याने व गटाने व्यापलेली साठवणजागा आणि आयनोडसंख्या यांच्या हिशेबास कोटा गणना म्हणतात. जुन्या पद्धतीत हा हिशेब दृश्य संचिकांत राही. तो बिघडल्यास 'कोटाचेक' आज्ञेने फेरमोजणी करावी लागे. पुढे आलेल्या 'कोटा' वैशिष्ट्यात तो वापरकर्त्यांसाठी ३ व गटांसाठी ४ क्रमांकाच्या राखीव, अदृश्य आयनोडांत ठेवला जातो.

उन्नयनासाठी संचिकाप्रणाली अनमाउंट करून 'ट्यून२एफएस'ने हे वैशिष्ट्य सुरू करतात. त्या वेळी आधीच्या सर्व संचिकांची मोजणी होते. अन्यथा जुना वापर हिशेबाबाहेर राहून वापरकर्त्यास मर्यादेपलीकडे जागा मिळाली असती. पुढे तफावत आढळल्यास 'ई२एफएससीके' प्रत्यक्ष वापराशी ताडून नोंद दुरुस्त करते.