संजाणचा मधुमती

'तुम्ही इथे कधी आलात?' हा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो, आणि उत्तर देताना आपणही तलवारीपासूनच सुरुवात करतो. पालघर जिल्ह्यातील चिंचणीचा ताम्रपट वेगळे सांगतो. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा हा संस्कृत लेख. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संयान, आजचे गुजरातमधील संजाण, या प्रांताचा कारभार ताजिक घराण्यातील मधुमतीकडे सोपवला होता. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे 'मुहंमद'चे संस्कृत रूप, असे अभ्यासक मानतात. त्याने नदीवर मोफत नावा ठेवल्या, अन्नछत्र काढले. तिसऱ्या इंद्राच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली.

२००२ ते २००४ मध्ये संजाणला उत्खनन झाले. पश्चिम आशियाई झिलईची खापरे आणि चिनी भांड्यांचे तुकडे निघाले. ताम्रपटातले बंदर मातीनेही खरे ठरवले.

यावरून आपण सुवर्णयुग उभे करू नये. आसपासच्या बंदरांचे प्रमुख मधुमतीने जिंकले, हेही त्याच लेखात आहे. तो सत्तेचाच माणूस होता. पण ती सत्ता राष्ट्रकूटांची होती. मुलांना इतिहास सांगताना आपण हे पानही उघडले पाहिजे.