परळचे उंदीर आणि विषाणूने पळवलेला जनुक

नागावातली एखादी बाई परळच्या टाटा हॉस्पिटलातून कर्करोगावर उपचार घेऊन परतली की अजूनही काही घरांत तिचा पेला वेगळा ठेवला जातो. दुधाबद्दलची धास्ती त्याहून खोल आहे. आपल्यात दुधाचं नातं रक्ताइतकं मानतात. एका बाईचं दूध प्यायलेल्या मुलामुलींचा आपसांत निकाह होत नाही. मग आजारही दुधातून येत असेल का, असं बायका विचारणारच.

या प्रश्नावर परळलाच काम झालं, आणि ते एका मराठी बाईंनी केलं. डॉ. कमल रणदिवे, जन्म पुण्यातला, १९१७ चा. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करत १९४९ साली त्या डॉक्टरेट झाल्या. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं की काही वंशांच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांत उतरतो. त्या दुधात विषाणू असतो. हा विषाणू, वंश आणि संप्रेरकं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे रणदिवेबाईंनी उंदरांवरच तपासलं.

हा विषाणू रेट्रोव्हायरस जातीचा. तो पेशीत शिरला की आपल्या मजकुराची डीएनए प्रत काढून ती पेशीच्या डीएनएत बसवतो, म्हणजे सातबाऱ्यावर नावच चढवतो. तिथून नव्या विषाणूंच्या प्रती निघताना क्वचित शेजारचा एखादा जनुकही सोबत जातो.

१९६४ मध्ये जेनिफर हार्वी यांनी माऊसचा विषाणू रॅटमध्ये टोचला. (मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, पण त्या वेगळ्या जाती आहेत.) रॅटमधून जो विषाणू परत मिळाला तो झपाट्याने गाठी करणारा होता. १९६७ मध्ये कर्स्टन यांनाही असंच आढळलं. पुढे उलगडलं की विषाणूने रॅटचा जनुक उचलला होता. त्याचं नाव रास. एका प्राण्याचा जनुक दुसऱ्याच्या पेशीत पोचला तो असा.

कोंबड्यांची गोष्ट त्याहून जुनी. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी गाठ करणारा विषाणू शोधला. नोबेल मिळायला १९६६ उजाडलं. त्या विषाणूतला घातक जनुक मुळात कोंबडीचाच, हे बिशप आणि व्हार्मस यांच्या गटाने १९७६ मध्ये सिद्ध केलं. चोरीचा माल धुंडाळताना घर सापडलं म्हणायचं!

दुधातला विषाणू मात्र चोर नव्हे. तो शेजारी बसून पेशीचाच जनुक जागा करतो, हे १९८२ मध्ये नुसे आणि व्हार्मस यांनी दाखवलं. त्याच वर्षी माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात रास सापडला, एकच अक्षर बदललेला. तिथे विषाणूचा हात नव्हता. माणसाचा स्वतःचाच जनुक बिघडला होता.

म्हणून उंदराचा न्याय आपल्या बायकांना लावू नये. माणसातही एचटीएलव्ही-१ नावाचा रेट्रोव्हायरस आईच्या दुधातून जातो आणि थोड्या जणांना रक्ताचा कर्करोग करतो, हे लपवायचं कारण नाही. पण स्तनाचा कर्करोग ना पेल्यातून लागतो, ना दुधातून. ज्या बाईला आजारपणात माणसं जवळ हवीत तिचाच पेला बाजूला काढणं, याला मी खबरदारी म्हणणार नाही.

त्या बिघडलेल्या रासवरचं पहिलं औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं, फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. ते ज्या जनुकाच्या प्रथिनाला अडवतं त्याचं नाव के-रास. त्यातला ‘के’ कर्स्टन यांचा.