अरबी समुद्रातील नायट्रस ऑक्साइडाचे ऊर्ध्ववहन

महासागरात निर्माण होणारे काही वायू स्थितांबरापर्यंत पोहोचतात. अरबी समुद्रातील नायट्रस ऑक्साइड हे त्याचे भारतालगतचे ठळक उदाहरण होय. तेथे सु. १५० ते १,००० मी. खोलीच्या थरात ऑक्सिजन अत्यल्प असून सूक्ष्मजंतूंच्या नायट्रीकरण व विनायट्रीकरण या क्रियांतून हा वायू उद्‌भवतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खोल पाणी वर आले की, तो हवेत मिसळतो.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तेथील एस्. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजनन्यूनता तीव्र होऊन हा वायू वाढत असल्याचे दाखविले. जमिनीवरून वाहून येणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

तपांबरात हा वायू जवळजवळ अविघटित राहतो व उष्ण कटिबंधातील ऊर्ध्वगामी प्रवाहांबरोबर सु. १७ किमी. उंचीपलीकडे जातो. स्थितांबरात त्याच्या काही अंशापासून नायट्रोजनाची अन्य ऑक्साइडे बनतात. ही ऑक्साइडे ओझोनाचा नाश करतात, हे पाउल क्रुट्‌झेन यांनी १९७० मध्ये दर्शविले. वातावरणात हा वायू शतकाहून अधिक काळ टिकतो. तथापि १९८७ च्या माँट्रिऑल कराराने नियंत्रित केलेल्या पदार्थांत त्याचा अंतर्भाव नाही.