नदीवरची टक्कर आणि नांगराची निशाणी

मराठीत 'नांगर' हा शब्द दोन वस्तूंना लावतात. एक जमीन फोडतो, दुसरा जहाजाला जागेवर धरून ठेवतो. सतराव्या शतकात हे दोन्ही नांगर कागदावर उमटत होते. लिहिता न येणाऱ्या साक्षीदाराची ती सही होती. जमिनीचा नांगर आपल्या मुलुखातल्या महजरांवर सापडतो आणि जहाजाचा लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टाच्या दफ्तरात.

आधी लंडनचे पाहू. थेम्स नदीवरच्या जुन्या पुलाच्या कमानी अरुंद होत्या. मोठी जहाजे पुलापलीकडे जात नसत. ती अलीकडे, समुद्राच्या बाजूला, नांगर टाकून थांबत आणि माल सपाट तळाच्या पडावांत उतरवून धक्क्यावर नेला जाई. न्यूकॅसलहून कोळशाची जहाजे येत, त्यांची वेगळीच गर्दी. त्यात भरती-ओहोटीचा जोर आणि धुके. अशा ठिकाणी टकरी व्हायच्याच. पडाव बुडे, माल पाण्यात जाई आणि मालक दावा लावत.

दाव्यात पंच किंवा ज्यूरी नसे. साक्षीदाराला एकेकट्याला आत घेऊन त्याची जबानी लिहून घेतली जाई. नाव, वस्ती, धंदा, वय. मग मुद्द्याचे प्रश्न. जहाज नांगरलेले होते की चालत होते? ओहोटी होती की भरती? वारा कुठला? हाक दिली होती का? नांगर कुठे आहे हे दाखवणारा तरंगता बोया सोडला होता का? पडावात माल जास्त भरला होता का? त्यानंतर विरुद्ध पक्षाचे उलट प्रश्न, आणि आम्हाला ते सर्वांत बोलके वाटतात. तू कोणाचा नोकर? तुझा पगार कोणाकडे बाकी आहे? तुझी ऐपत किती? निकाल कोणाच्या बाजूने लागावा असे तुला वाटते? काझीच्या न्यायालयात साक्षीदार आदिल आहे की नाही हे तपासण्याची जी रीत, तिच्याशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की इथे चारित्र्यापेक्षा खिसा जास्त तपासला जाई.

खलाशी बहुधा आपल्याच जहाजाची बाजू घेत. दोन्ही जबान्या शेजारी ठेवल्या तर एकच ओहोटी दोन तऱ्हेची दिसते. तरीही पडाववाल्याने काय पाहिले, कोणती हाक ऐकली, हे त्याच्या नावानिशी उरले आहे. 2012 पासून मरीनलाइव्ह्ज नावाच्या उपक्रमातले स्वयंसेवक या जबान्या नकलून काढत आहेत.

आता आपल्याकडे येऊ. गोदावरी परभणी जिल्ह्यातून पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या बाजूने वाहते, पण ती थेम्ससारखी मालवाहतुकीची नदी नव्हे. इथला माल बैलांच्या पाठीवरून, बंजाऱ्यांच्या तांड्यांतून गेला. इथे भांडण वतनाचे, शिवेचे. त्याचा निवाडा भर मजलिशीत होई आणि त्याचा कागद म्हणजे महजर. शब्दच अरबी, हजर राहण्याचा. काझीची मोहर, देशमुख-देशपांड्यांची नावे आणि खाली निशाण्या: पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. पुरावा पुरला नाही तर साक्षीदाराला नदीच्या पाण्यात उभे करून सत्य वदवून घेत. तिकडे नदी तंट्याचे कारण होती, इकडे ती शपथेची जामीन.

महजराचे कौतुक आपण पुष्कळ केले. हिंदू-मुसलमान एका कागदावर आले, हे खरेच आहे आणि ते सांगत राहिले पाहिजे. पण आरसा काढणारा न्हावी पाटलासमोर, देशमुखासमोर उभा राहून बोलत होता. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे 'सर्वांनी सांगितले' यात विरघळते. त्याची निशाणी उरली, त्याचा आवाज उरला नाही. थेम्सच्या पडाववाल्याला बंद खोलीने जे दिले, ते आपल्या बलुतेदाराला भरसभेने क्वचितच दिले.

आणि भरसभेलाही मर्यादा होत्या. निजामशाहीचे मूळ पाथरीच्या कुलकर्णी घराण्यात होते, असे फरिश्ता लिहितो. त्या पूर्वजांच्या गावासाठी बुऱ्हाण निजामशहाने इमादशहाकडे मागणी केली, बदल्यात दुसरा मुलूखही देऊ केला. नकार आला आणि 1518 मध्ये पाथरी लढाईने घेतली गेली. वतनाचा तंटा राजाचा झाला की साक्षीदार कोण विचारतो!

आपल्यातल्या काझी, मुलाणी, इनामदार घराण्यांत असले कागद अजून निघतात. पत्र्याच्या पेटीत, कापडी बस्त्यात, कडा वाळवीने खाल्लेल्या. जमिनीच्या कामापुरते ते बाहेर काढले जातात आणि परत बांधले जातात. अशा कागदावर मोहर फारसीत असते आणि मजकूर पुष्कळदा मोडीत. फारसी जाणणाऱ्याला मोडी येत नाही, मोडीवाल्याला मोहर लागत नाही. दोघांना एका सतरंजीवर बसवावे लागते, आणि शेजारी घरातले कोणीतरी वडीलधारे, जे अमुक नाव कोणत्या घराचे हे सांगू शकतील.